गोंदलेलं नाव आणि भरतीची तारीख

केंद्रीय निमलष्करी दलांच्या वैद्यकीय तपासणीत उजव्या हातावरचं गोंदण चालत नाही. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत किंवा पंजाच्या पाठीवर असेल तर चालतं, पण तेही त्या भागाच्या पावहिश्श्यापेक्षा मोठं नको आणि मजकूर नावाचा किंवा धार्मिक चिन्हाचा हवा. उजवा हात सलामीचा, म्हणून तो कोरा पाहिजे. लष्कराचा नियम थोडा सैल आहे. तिथे दोन्ही हातांची आतली बाजू आणि पंजाची पाठ चालते. पण दंड, छाती, मान, पाठ यांवर कायमचं काही असेल तर उमेदवार बाद होतो. जाहिरातीत हे सगळं छापलेलं असतं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बहुतेक पोरांनी ती जाहिरात हाती पडण्याच्या कितीतरी आधी, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, एखाद्या जत्रेत उजवा हात पुढे केलेला असतो. उजवाच, कारण तो दिसतो.

या दोन तालुक्यांत कारखानदारी आसनगाव आणि मुरबाडच्या औद्योगिक पट्ट्यांपुरती आहे. शेती एका पिकाची, भाताची. त्यामुळे वर्दीची नोकरी म्हणजे घराचं नशीब पालटणं. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, धसई अशा गावांतून पहाटे अंधारात पोरं आणि आता पोरीही धावायला निघतात. सोळाशे मीटर मारणारा, छाती फुगवून पाच सेंटिमीटर दाखवणारा, लेखी परीक्षा काढलेला मुलगा शेवटच्या टप्प्यावर दंडावरच्या राजमुद्रेपायी घरी परततो तेव्हा काय होतं, ते त्या घरालाच माहीत. गोंदणाचा पस्तावा हा विषय एरवी शहरी वाटतो. अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या 2023 च्या पाहणीत टॅटू असलेल्या प्रौढांपैकी 24 टक्क्यांनी निदान एका टॅटूबद्दल पस्तावा सांगितला. तिकडचा पस्तावा बराचसा आवडीनिवडीचा. इकडे तो पोटाशी, लग्नाशी आणि जातीजमातीच्या लाजेशी बांधलेला आहे. म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

आधी हे गोंदण होतं कुठे ते बघू. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसाची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराचं दर्शन, बैलबाजार, घोंगड्या, पाळणे, मिठाई आणि तुडुंब गर्दी. अशा कुठल्याही जत्रेत एका कडेला गोंदणारा बसलेला सापडतो. जमिनीवर अंथरलेलं पोतं, शेजारी गाडीची जुनी बॅटरी, लहानशा मोटरीला बांधलेली सुई, बाटलीच्या बुचात ओतलेली काळी-हिरवी शाई आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले नमुने: बदाम, त्रिशूळ, विंचू, गुलाब, महाराज, ‘आई’. गिऱ्हाईक बोट ठेवतं, मोटर घुरघुरते, पाच-दहा मिनिटांत काम होतं. रक्त पुसायला एकच फडकं, आणि सुई पुढच्या हाताला तीच. हातमोजे दिसले तर नवल. शाईत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. लगेच बाजूला काळी मेहंदी काढणारा बसतो. ती धुऊन जाते म्हणून बिनधोक समजतात, पण लवकर आणि गडद रंगावी म्हणून तिच्यात केस काळे करायचं रसायन घातलेलं असतं आणि काहींच्या हातावर त्याने फोड येऊन नक्षीच्याच आकाराचा डाग राहतो.

या मोटरीच्या आधी इथे हातसुई होती. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा सगळ्या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर आजही निळसर-हिरवे ठिपके आणि तुळस दिसते. गोंदणारीण पाड्यावर यायची, दिव्याची काजळी कालवायची, तीन-चार सुयांचा जुडगा करून टोचायची, वर हळद चोपडायची. मोबदला धान्याचा. मेल्यावर अंगावरचे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं त्या बायका सांगतात. आणि तसं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पस्तावा नसतो. पस्तावा त्यांच्या मुलींच्या आणि नातींच्या वाट्याला आला. आश्रमशाळेतून कल्याण-ठाण्याच्या वसतिगृहात गेलेल्या मुलीला कपाळावरच्या तीन ठिपक्यांवरून लोक विचारतात, ‘आदिवासी का गं तू?’ मग ती टिकली मोठी लावते, पावडर थापते, ओढणी पुढे ओढते. तिला ते ठिपके नको आहेत की लोकांचे प्रश्न नको आहेत, हे तिचं तिनेच ठरवायचं आहे. बाहेरच्या कुणी तिला ‘परंपरा जप’ म्हणून दटावू नये आणि ‘काढून टाक, बरी दिसशील’ असंही सांगू नये. मला स्वतःला वाटतं की प्रश्न विचारणाऱ्यांनी गप्प बसावं, हा यावरचा खरा इलाज आहे. पण जिला रोज लोकलमधून जायचं आहे तिला तोवर थांब म्हणण्याचा अधिकार मला नाही.

इथे भरतीच्या नियमातली एक सवलत फार थोड्यांना माहीत असते. आदिवासी जमातींच्या रूढी-परंपरेप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर असलेलं गोंदण लष्करात प्रत्येक प्रकरण तपासून मान्य केलं जातं. म्हणजे ठाकर मुलीच्या हनुवटीवरचा ठिपका ही अडचण ठरायलाच हवी असं नाही. त्यासाठी जाहिरातीत जो दाखला मागितला असेल तो आधीच काढून ठेवावा, मैदानावर जाऊन शोधाशोध करू नये. मात्र जत्रेत मोटरीने दंडावर काढलेला वाघ या सवलतीत बसत नाही, मग उमेदवार कातकरी असो की कोळी. सवलत रूढीला आहे, जातीच्या दाखल्याला नाही. राज्य पोलिसांसाठी त्या-त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी, मित्राच्या मोबाइलवरचा निरोप नव्हे.

तिसरा पस्तावा नावाचा. दहावीत असताना ब्लेडने किंवा कंपासच्या टोकाने कोरून शाई भरलेलं अक्षर, लग्न ठरल्यावर सासरच्यांना दिसेल म्हणून घड्याळाखाली लपवलेलं मनगट, नवऱ्याने टाकल्यावरही हातावर राहिलेलं त्याचं नाव. याबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही. मुली तर दवाखान्यातही ‘असंच काढलं होतं’ यापुढे जात नाहीत. भरतीच्या पोराला घरचे निदान पैसे देतात. हिला गुपचूप करायचं असतं, म्हणून ती सगळ्यात वाईट उपायाकडे वळते.

तो वाईट उपाय म्हणजे घरीच जाळणं. बिब्बा, चुना आणि सोडा, मीठ-लिंबू घासणं, गाडीच्या बॅटरीतलं तेजाब, तापवलेला चमचा, ऑनलाइन मागवलेलं कुठलंसं मलम. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की काय होतं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. सूज, पाणी धरलेले फोड, आठ-आठ दिवस खाज आणि शेवटी काळा पट्टा. चुना आणि तेजाब त्याहून खोल जातात. पण शाई जिथे असते तिथपर्यंत जाळायचं म्हणजे कातडीचा वरचा थर पूर्ण घालवून खालच्या थरालाच जखम करायची, आणि ती जखम व्रणाशिवाय भरत नाही. बऱ्याचदा होतं असं की व्रण येतो आणि त्याच्यातून नावही वाचता येतं. व्रण कोपराच्या किंवा मनगटाच्या सांध्यावर आखडला तर भरतीच्या डॉक्टरला गोंदणाऐवजी तो दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत व्रण फुगून गाठीसारखा वाढण्याची, म्हणजे केलॉइडची, शक्यता जास्त. छाती, खांदा आणि दंड या त्याच्या आवडत्या जागा, आणि पोरं गोंदतातही तिथेच. मीठ घासण्याचा प्रकार जुना आहे. सहाव्या शतकातला ग्रीक वैद्य एटियस याने तो लिहून ठेवला आहे. दीड हजार वर्षांत त्याने कातडीच सोलली, शाई नीट निघाली नाही. गेल्या कित्येक वर्षांत कुणी हा उपाय विचारला की मी एकच विनंती करत आलो आहे: काही करू नका, आहे तसं राहू द्या. नुसतं गोंदण असलेला हात पुढे सुधारता येतो. जाळलेल्या हाताचं काम डॉक्टरांसाठीही कठीण होतं.

शाई एवढी चिवट का राहते, याचं उत्तर अलीकडे नीट कळलं. सुई शाई कातडीच्या दुसऱ्या थरात सोडते. शरीर तिला परकी वस्तू मानतं आणि भक्षक पेशी ती गिळतात, पण कण पचत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी तीच शाई पुन्हा गिळते. जागा तीच, पहारेकरी बदलतात. वरून लावलेलं कुठलंही मलम तिथवर पोचून कण फोडू शकत नाही, म्हणून ‘पंधरा दिवसांत टॅटू गायब’ म्हणणाऱ्या जाहिरातीवर एक रुपयाही घालवू नये.

लेझर हे कण फोडतो. 1983 मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी तत्त्व मांडलं की ठरावीक रंगाचा प्रकाश अगदी क्षणभर सोडला तर तो रंग शोषणारा कणच तापतो, आजूबाजूची कातडी वाचते. यासाठीचं यंत्र क्यू-स्विच्ड एनडी-याग, आणि त्याच्याहून नवं व महाग ते पिकोसेकंद लेझर. काळ्या-निळ्या शाईला 1064 नॅनोमीटरची लहर, लालसर शाईला 532. सावळ्या कातडीला 1064 त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण कातडीचा स्वतःचा रंग ती कमी शोषते. काजळीचं जुनं गोंदण आणि जत्रेतलं काळं नाव या लहरीला चांगला प्रतिसाद देतात. हिरवी आणि आकाशी शाई हट्टी, तिला वेगळी लहर लागते आणि ते यंत्र सगळीकडे नसतं. पांढऱ्या किंवा कातडीच्या रंगाच्या शाईवर लेझर पडला तर ती उलट काळी पडू शकते, म्हणून आधी लहानशा ठिपक्यावर करून बघणारा डॉक्टर शहाणा समजावा.

प्रत्यक्ष बैठक थोडक्यात सांगतो, कारण भीती तिचीच असते. तासभर आधी बधिर करणारं मलम लावतात. डोळ्यांवर चष्मा, आणि कपाळ किंवा पापणीजवळचं गोंदण असेल तर डोळ्यांना पूर्ण झाकण. मग तडतड असा आवाज होतो, रबर ताणून मारल्यासारखे चटके बसतात, जळक्या केसांचा थोडा वास येतो आणि रेषा बघता बघता पांढरी पडते. तो पांढरेपणा वाफेचा, वीस-तीस मिनिटांत ओसरतो. त्यानंतर सूज, कधी फोड, आणि आठ-दहा दिवसांत खपली. खपली काढायची नाही. फोडलेली शाई पुढचे काही आठवडे शरीर हळूहळू उचलतं, काही भाग काखेतल्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतो. म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जावेच लागतात. पैसे जास्त दिल्याने ते अंतर कमी होत नाही.

इथेच हिशेब चुकतो. घरगुती, उथळ, एका रंगाच्या नावाला चार-सहा बैठका पुरू शकतात. स्टुडिओत भरगच्च काढलेल्या चित्राला आठ-दहा किंवा जास्तही लागतात. आठ बैठका म्हणजे मधली सात अंतरं, म्हणजे सरळ वर्षभर. हृदयापासून दूरच्या भागावर, मनगटावर आणि पायावर, शाई आणखी हळू जाते. पोरं मात्र शारीरिक चाचणीचा निकाल लागल्यावर, वैद्यकीय तपासणीला महिना राहिला असताना धावत येतात आणि एखादा पार्लरवाला त्यांना ‘दोन बैठकांत साफ’ म्हणून गाठतो. दोन बैठका पंधरा दिवसांत मारल्या तर कातडी भाजते आणि पांढरा चट्टा पडतो, जो कधी वर्षभर, कधी कायम राहतो. केस काढायचं यंत्र गोंदणावर फिरवणारी ठिकाणंही आहेत. त्याची झळ जास्त वेळ टिकते, शाईबरोबर कातडीही भाजते. सतरा-अठराव्या वर्षी धावायला सुरुवात केली त्याच आठवड्यात गोंदणाचा निर्णय घेतला तरच हे गणित जमतं. सगळं पुसलं गेलं नाही तरी डाव्या हाताच्या आत असलेलं मोठं चित्र लेझरने लहान करून पावहिश्श्यात बसवणं, हाही मार्ग आहे, आणि त्याला बैठका कमी लागतात.

वर्षभराच्या या वेळापत्रकापुढे इथलं वर्ष आडवं येतं. जूनपासून आवणी. चिखलात गुडघाभर उभं राहायचं आणि हातावर ओली खपली, म्हणजे जखम चिघळायला आमंत्रण. उन्हात काळवंडलेल्या कातडीवर लेझर मारला तर चट्टे हमखास, म्हणून राब भाजणीच्या आणि भर उन्हाच्या दिवसांत हात झाकून ठेवावा लागतो. कातकरी घरं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथल्या पोराला ‘दर सात आठवड्यांनी ये’ सांगणं सोपं आहे, पण रोजंदारी, मुकादमाची उचल आणि गाडीभाडं यांतून तो येणार कसा? जमत असेल त्याने पहिल्या बैठका भातकापणीनंतर, हिवाळ्यात घ्याव्यात. ज्याला आधी केलॉइड झालेला आहे, जी गरोदर आहे, जो मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतो, त्यांनी हे डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगावं.

लेझर सोडून बाकीचे मार्ग थोडक्यात. बोटाएवढं लहान नाव असेल आणि कातडी सैल असलेल्या जागी असेल, तर शल्यचिकित्सक ते कापून टाके घालतो. एका दिवसात शाई संपते, सरळ रेषेचा व्रण राहतो. तारीख जवळ आलेली असेल तर अनेकदा हाच प्रामाणिक उपाय. मोठं असेल तर दोन-तीन टप्प्यांत कापतात किंवा मांडीची कातडी लावतात, पण मनगटाएवढ्या नावासाठी तेवढं करू नये. कातडी घासून काढण्याची पद्धत आता मागे पडली आहे. जुन्या नावावर फूल किंवा पान काढून ते झाकणं लग्नाच्या अडचणीत चालून जातं, भरतीत चालत नाही, कारण तिथे नुसतं नाव नव्हे, जागा आणि क्षेत्रफळही बघतात.

न्यायालयाचा दरवाजाही काहींनी ठोठावला आहे. सोलापूरकडच्या एका तरुणाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने हातावरच्या धार्मिक गोंदणामुळे नाकारलं होतं. त्याने ते बहुतांश काढून घेतलं होतं. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. दिल्ली उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये, काढून घेतलेल्या आणि जेमतेम दिसणाऱ्या गोंदणावरून पोलीस भरतीतल्या उमेदवाराला नाकारणं मान्य केलं नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. उमेदवाराने आधीच उपचार सुरू केले होते. म्हणून प्रत्येक बैठकीची पावती, डॉक्टरचं पत्र आणि तारखेसह फोटो जपून ठेवावेत. पण डोळखांबच्या पोराने वकील लावून मुंबईच्या चकरा मारायच्या हा काही उपाय नव्हे, तो शेवटचा पर्याय आहे.

एक तपासणी मात्र पस्तावा असो-नसो, प्रत्येकाने करावी. सामायिक सुईतून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गुप्त होते. टोचून तीन महिने झाल्यावर केली तर निकाल भरवशाचा. रक्तपेढ्याही गोंदल्यानंतर 12 महिने रक्त घेत नाहीत, ते याच कारणाने.

आता जायचं कुठे? शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. तिथे सल्ला आणि चिठ्ठी मिळेल, लेझरसाठी मोठं रुग्णालय गाठावं लागतं. आसनगावहून लोकलने शीवला उतरलं की लोकमान्य टिळक रुग्णालय, परळला केईएम. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. मुरबाडला रेल्वे नाही, आधी एसटीने कल्याण. निघण्याआधी त्वचारोग विभागात यंत्र चालू आहे का, कोणत्या वारी आणि किती फी, हे फोन करून विचारावं. खासगीत लहान नावालाही दर बैठकीला दोन-तीन हजार सहज जातात आणि एका बैठकीला एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. आरोग्य योजना गोंदण काढण्याला सौंदर्योपचार समजतात.

हे समजणं मला पटत नाही. ज्या पोराची नोकरी त्या दोन इंच शाईवर अडली आहे, जी बाई सोडून गेलेल्या माणसाचं नाव हातावर वागवते, त्यांच्यासाठी हा सौंदर्याचा प्रश्न नाही. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा त्याच्याच अखत्यारीत येतात. नववीच्या वर्गात भरतीचा गोंदणविषयक नियम फळ्यावर लिहून दाखवायला एक तास पुरतो, आणि तो म्हसाच्या यात्रेआधी, डिसेंबरात घ्यावा. यात्रेत आरोग्य खात्याचा कक्ष असतोच, त्याने गोंदणाऱ्यांना दर गिऱ्हाइकाला नवी सुई सक्तीची करावी आणि त्या सुया तिथेच पुरवाव्यात. त्यांना हुसकावून लावलं तर ते पुढच्या जत्रेत बसतील. आणि ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात एक क्यू-स्विच्ड यंत्र, आठवड्यातून एक दिवस, भरतीची पोरं आणि टाकलेल्या बाया यांच्यासाठी मोफत. भट्टीवरून येणाऱ्याला त्या दिवसाचं गाडीभाडं प्रकल्प कार्यालयाने द्यावं.